त्या फॉरवर्डचं राहू दे, आधी बाळाला छातीशी धर

अगं सोने, रात्री-बेरात्री तू मला जे काही पाठवतेस ते सगळं मी वाचते बरं का. दुकान उघडायच्या आधी, चहा घेता घेता. बाळाच्या मेंदूसाठी नवं संशोधन, आईचं दूध पुरत नाही म्हणणारे परदेशी शास्त्रज्ञ, कायमची सर्दी घालवणारे थेंब. आणि खाली तुझा एकच प्रश्न, ताई, हे खरं का? बाळ अकरा दिवसांचं, वजन दोन किलो दोनशे, थोरला तीन वर्षांचा आणि सारखा शेंबडा, घरात बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ. अशा वेळी कुणीतरी ठामपणे सांगणारं हवं असतं, आणि मोबाइल फार ठामपणे बोलतो.

म्हणून आज सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, नगरला मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहणारी फार्मसिस्ट आहे. तेव्हा जिथे डॉक्टर लागतो तिथे डॉक्टरच. पण संशोधनाची बातमी आली की मी आधी एवढंच बघते, हे कुणावर करून पाहिलं? आपल्यासारखं खाणाऱ्या, आपल्यासारख्याच सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बायांवर, की उंदरांवर? की कुणावरच नाही, नुसती बाटली खपवायचीय? आणि गंमत म्हणजे तुला आज ज्याची गरज आहे त्यातलं बरंचसं एसटीनं जाता येईल अशा गावांत तपासून झालंय.

तुझ्या सासरचंच घे. तुम्ही जामखेडकर मंडळी आरोळे डॉक्टरांचा दवाखाना रोज बघता, म्हणून त्याचं काही वाटत नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावागावांतून बाया निवडायला लावल्या, बहुतेक गरीब, कित्येक दलित, पुष्कळशा निरक्षर. त्यांनाच बाळंतपण, जुलाब, ताप, बाळाचं खाणं हे शिकवलं. नव्वदीच्या दशकात तोच आकडा विशीत आला. आता कुणी म्हणेल, काळाबरोबर तो सगळीकडेच कमी झाला. बरोबर आहे, मलाही तीच शंका असते. पण पुढे लंडनच्या संशोधकांनी ही गावं आणि आसपासची, प्रकल्पाबाहेरची गावं ताडून पाहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१० साली ते छापून आलं. घरची परिस्थिती, जात, आईचं शिक्षण हे सगळं हिशेबात धरूनही, महिना ओलांडलेल्या बाळांना पाच वर्षांच्या आत मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत ३० टक्क्यांनी कमी निघाला. तुझ्या सासूबाईंच्या पिढीतल्या बायांनी हे करून दाखवलंय. त्यांना विचार, त्यातली एखादी त्यांच्या ओळखीची निघेल.

पण हे महिन्यानंतरचं झालं. तू आहेस अकराव्या दिवसावर, आणि तुझं बाळ अडीच किलोच्या खालचं. म्हणून आज मी सगळ्यात जास्त याच्याचविषयी बोलणार आहे.

बाळाला दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवू नकोस, अंगाशी धर. अंगाशी म्हणजे अंगाशी, मध्ये कापड नको. ब्लाउज समोरून उघडा, बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि पायमोजे. त्याला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी छातीवर दुमडलेली नको, नाहीतर श्वास कोंडतो. मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या. वरून मऊ सुती लुगड्याचा पट्टा घट्ट बांधायचा आणि मग तुझी शाल. तू मागे टेकून अर्धवट बसलेली. झोप लागतेय असं वाटलं तर पट्टा नीट बांधलाय ना ते घरातल्या कुणाला तरी बघायला सांग.

दवाखान्यात याला कांगारू केअर म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमाराला बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या कमी पडायला लागल्या, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आयांनाच पेटी केलं. कितीतरी वर्षं हा गरिबांचा तात्पुरता इलाज समजला जायचा. मग घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपल्या दिल्लीतलं सफदरजंग, अशा पाच रुग्णालयांत ३,२०० हून जास्त बाळांवर अभ्यास झाला. बाळं एक किलो ते पावणेदोन-अठराशे ग्रॅमची. अर्ध्यांना नेहमीसारखं आधी पेटीत ठेवून स्थिर झाल्यावर आईकडे दिलं, अर्ध्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर. पहिल्या गटात महिन्याच्या आत १५.७ टक्के बाळं गेली, दुसऱ्यात १२. फरक इतका स्पष्ट की अभ्यास ठरल्याच्या आधीच थांबवावा लागला, कारण बाकीच्या आयांना थांबवून ठेवणं योग्य ठरलं नसतं. हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना तसं कळवलं.

तुझं बाळ त्याहून जड आहे, घरी आहे. मग तुला काय? तर हरियाणाच्या खेड्यांत नेमकं हेच पाहिलं गेलं, दीड ते सव्वादोन किलोची बाळं, घरीच, घरच्याच बायकांनी अंगाशी धरलेली. आठ हजारांवर बाळं होती त्यात. महिन्याच्या आतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी. दोन किलो दोनशे यात बसतं, हो ना? म्हणून तर मी एवढी मागे लागलेय.

दिवसातून आठ तास तरी व्हायला हवेत, जितके जास्त तितके चांगले, आणि एका बैठकीत तासाभराच्या आत सोडू नकोस. तू अंघोळीला, जेवायला उठलीस की दाजींच्या छातीवर दे. हो, बापाच्या छातीवरही चालतं. सासूबाई म्हणतील, पुरुषानं उघड्यानं असं बसायचं का? म्हणू देत. दाजी रानातून आले की हातपाय धुऊन, बनियन काढून बसतील. त्यांना मोबाइल बघायला आणखी एक निमित्त मिळेल, पण ते आपण चालवून घेऊ.

दूध तुझंच, सहा महिने, पाणीसुद्धा नको. मे महिन्यातही नको. मध चाटवायचा नाही, वर्षाच्या आत मधातल्या जंतूंनी बाळ लुळं पडू शकतं. बाळगुटी उगाळायला आत्याबाई बसल्याच तर त्यांचा मान राखून सहाण बाजूला ठेव. नाळेला काही लावायचं नाही, ना हळद, ना तेल, ना पावडर. व्हिटॅमिन डीचे थेंब डॉक्टरांनी दिलेत ते मात्र रोज न चुकता.

आणि तू पाठवलेस ते दुसरे थेंब, 'चांगल्या जंतूंचे'. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही, म्हणून तर घोळ होतो. ओडिशात साडेचार हजारांवर बाळांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये गाजला होता. एका ठरावीक जातीचे जंतू आणि त्यांचं खाद्य सात दिवस दिलं, तर रक्तात जंतुसंसर्ग होणं किंवा दगावणं ४० टक्क्यांनी कमी झालं. पण नीट बघ, बाळं आधीच अंगावर पिणारी होती, सुरुवात दुसऱ्या ते चौथ्या दिवशी केली होती, आणि जंतूंची जात एकच, नेमकी. तुझ्या बाळाचे ते दिवस उलटूनही गेले. आणि फॉरवर्डमधल्या बाटलीवर जे नाव आहे ते त्या जंतूंचं नाहीच. माझ्याच दुकानात ती बाटली आहे, हवी तर विकेनही तुला, पण तुझे पैसे वाया जातील.

आता धोक्याचं. हे नीट वाच, दाजींनाही वाचून दाखव.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकात न्यूमोनियानं जाणारी पोरं बघितली. डॉक्टर लांब, एक्स-रे तर त्याहून लांब. गावातली दाई न्यूमोनिया ओळखणार कशी? श्वास मोजून. पण कित्येक दायांना बारापुढे मोजता येत नव्हतं. मग त्यांनी वाळूचं मिनिटभराचं घड्याळ आणि मण्यांची पट्टी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर हे लेकरू आजारी. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं तेव्हा उपचाराच्या गावांत न्यूमोनियानं जाणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण हजारी ८.१ होतं, शेजारच्या गावांत १७.५. त्यानंतर त्यांनी नवजात बाळं हाती घेतली. ३९ गावांत शिकवलेल्या बाया घरी जाऊन बाळ तपासायच्या, वजन करायच्या, ऊब द्यायच्या, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही द्यायच्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. त्यातूनच आज तुझ्या दारात आशाताई येते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. ती आली की चहा पाजून वाटेला लावू नका. तिच्याकडून वजन करून घे, काटा आधी शून्यावर आहे का ते बघ, आणि आकडा कार्डावर तिच्याच हातानं लिहून घे.

श्वास तुलाही मोजता येतो. बाळ शांत असताना, पीत नसताना, पोटावरचं कापड वर कर आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लाव. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस, एवढुशी बाळं श्वास मध्येच थांबवतात, मग भराभर घेतात. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा वर गेला तर पुन्हा एकदा मोज. पुन्हा तेच आलं तर थांबायचं नाही. वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंत ४०, म्हणजे थोरल्याला हा ४०चा नियम. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ ओढून पीत नसेल, हातपाय गार पडत असतील किंवा अंग तापलं असेल, रडणं क्षीण झालं असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, नाळेतून पू येत असेल, झटका आला असेल, तर १०८ला फोन. पोट उडतंय म्हणून कुणी बिब्बा लावायला निघालं तर सरळ भांड. मी सांगितलं म्हणून सांग. माझ्यावर राग काढला तरी मी नगरला आहे.

थोरल्याच्या खोकल्याचं थोडक्यात सांगते. त्याच्यासाठी तू बाटली मागितलीस आणि मी पाठवली नाही, म्हणून तू रुसलीस, माहितेय मला. गेल्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे कोल्ड्रिफ नावाच्या सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली, कित्येकांना शेवटी नागपूरला आणलं होतं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, ते किडन्या निकामी करतं. त्यानंतर केंद्रानं पुन्हा बजावलं, खोकल्याची औषधं दोन वर्षांखाली द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा नाहीत. त्याच्याही आधी, २०२३ च्या डिसेंबरात, सर्दीच्या एका फार खपणाऱ्या मिश्रणावर 'चार वर्षांखाली नको' असं छापायचा हुकूम निघाला होता. आणि विषाचं सोड, चोख बनवलेल्या सिरपनंही लहान मुलाचा खोकला लवकर बरा होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. उलट अमेरिकेत २००७ साली एका अभ्यासात झोपताना चमचाभर मध दिलेल्या मुलांना काहीच न दिलेल्यांपेक्षा रात्री जास्त आराम पडला. थोरला वर्षाच्या वरचा आहे, त्याला दे मध. धाकट्याच्या तोंडाला तो चमचा लागू देऊ नकोस, एवढंच.

कपाटात अँटिबायोटिकची अर्धी बाटली असेल तर फेकून दे. पाणी घालून कालवलेलं ते औषध आठवड्याभरानं कामाचं राहत नाही, आणि विषाणूच्या सर्दीला ते तसंही लागत नाही.

जुलाब झाले तर ओआरएस. परवाच काउंटरवर एक आजोबा आले होते, म्हणाले, पाकीट दिलं पण पोरगं पीतच नाही. विचारलं तर लिटरचं पाकीट पेल्याभर पाण्यात ढवळलेलं! समुद्राचं पाणी पाजल्यासारखं ते, पोरगं काय पिईल? आणि असं दाट पाणी घातकच असतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, सगळं एकदम कालवायचं, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चमच्याचमच्यानं पाजायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक, थोरल्याला रोज २० मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी सलाइन संपल्यावर पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून हजारो माणसं वाचवली. तेच हे औषध, पन्नास वर्षं उलटली तरी त्याच्यावर मात करणारं दुसरं काही आलं नाही. मात्र खोक्यातली रंगीत गोड सरबतं घेऊ नकोस. कितीतरी वर्षं ती 'ओआरएस' नावानं विकली गेली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई, डॉ. शिवरंजनी संतोष, आठ वर्षं त्यासाठी भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव वापरायला बंदी आली. बाईचं कौतुक वाटतं मला.

धाकट्याला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला रोटाव्हायरसचे थेंब मिळतील, तेही चुकवू नकोस. आपण नगरहून पुण्याला जाताना कोरेगाव भीमा लागतं ना, तिथून आत वढू बुद्रुक. भारतात बनलेल्या रोटाव्हॅक लसीची चाचणी दिल्ली आणि वेल्लोरबरोबर तिथल्या, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या केंद्रामार्फत झाली, एकूण जवळपास सहा हजार आठशे बाळं. पहिल्या वर्षात गंभीर जुलाबांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. म्हणजे जुलाब अजिबातच होणार नाहीत असं नव्हे. कुणी 'लस देऊनही झाले' म्हणालं तर ते खोटं नसतं, फक्त सलाइन लावायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

शेवटी तुझ्या थोरल्या जावेची लेक. तू म्हणालीस, तेरा वर्षांची आहे, सारखी दमते, शाळेतून आली की आडवी होते. जाऊबाईंनी ते आळसावर ढकललं. तिला शाळेत सोमवारी लोहाची निळी गोळी मिळते का, ती खरंच गिळते की दप्तरात ठेवते, हे गोडीत विचार. रागावून विचारलंस तर 'गिळते' असंच सांगेल. हिमोग्लोबिन तपासून घ्या. आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दलही विचारा. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून गरोदर बायांचा आणि मग त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची साडेतीन. पण हातपाय काड्या आणि कातडीखालची चरबी मात्र जवळपास त्यांच्याएवढी. म्हणजे दिसायला रोड, आतून लठ्ठ. पुढे मधुमेह कुणाला धरतो त्याची एक मुळी इथे निघाली. आणि त्या आयांमध्ये जवळपास दोन-तृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं. ते डाळीत, भाजीत नसतं, दुधात, अंड्यात, मटण-मासळीत असतं. त्या मुली वयात आल्यावर त्यांना रोज अवघं २ मायक्रोग्रॅम बी-१२ देऊन पाहिलं, तर त्यांच्या रक्तात आणि नंतर त्यांच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तातही ते वाढलेलं दिसलं.

तुमच्याकडे चार म्हशी आहेत. तरी दोन्ही वेळचं दूध डेअरीत जातं आणि पोरीच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. मला माहितेय, पगार त्या दुधाचा येतो, जाऊबाईंना बोलणं सोपं नाही. तरी एक पेला दही-ताक तिच्यासाठी काढून ठेवायला सांग.

आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची लस. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी, त्यात आपली बार्शी, पुणे आणि मुंबई, दहा ते अठरा वर्षांच्या मुलींवर तिची चाचणी सुरू झाली. दोन डोस पुरतात की तीन लागतात एवढंच बघायचं होतं. पण २०१० मध्ये दुसऱ्याच एका लसप्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं. ते मृत्यू लसीमुळे नव्हते, तरी सरकारनं सगळीकडचंच लसीकरण थांबवलं, आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. आता काय? पण डॉक्टरांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, दहा वर्षं केला. २०२१ मध्ये कळलं, त्या एका डोसनंही कॅन्सर करणाऱ्या दोन मुख्य विषाणूंचा टिकून राहणारा संसर्ग ९५ टक्के रोखला. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसला मान्यता दिली. आपल्या शेजारच्या बार्शीतल्या पोरींच्या दंडावरून निघालेली ही गोष्ट सगळ्या जगाला उपयोगी पडली, आणि जामखेडात बसून आपल्याच जाऊबाई म्हणतात, 'त्या लसीनं मूल होत नाही म्हणे.' तसं काही नाही. किती डोस घ्यायचे ते लसीप्रमाणे डॉक्टर सांगतील, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅकही मिळते.

त्यांना माझा नंबर दे. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, तेव्हा फोन करायला सांग. पोरीला समोर बसवूनच करू देत, तिलाही काही विचारायचं असेल.